पिल्लाचे कान कापायचे का? कुत्र्याचं रूप बदलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत डॉबरमन किंवा बॉक्सरचं पिल्लू घरी आलं की पहिली लस कधी, याच्याही आधी ‘कान कधी कापायचे?’ हा प्रश्न येतो. एप्रिल उजाडला की पॉमेरियनवाले ‘टक्कल करून द्या’ म्हणतात. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी गुलाबी झालेले लॅब्रॅडोर दवाखान्यात दिसतात, आणि सोसायटीत भांडण झालं की कुणीतरी भुंकणं बंद करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करतं. सगळ्यांना एकच उत्तर नाही. पण दरवेळी स्वतःला विचारायचं ते एकच : हे कुत्र्याच्या अंगाला हवंय, की बघणाऱ्याच्या डोळ्याला?

डॉबरमनचे कान मुळात उभेच असतात ना?

नाही. ते लॅब्रॅडोरसारखेच गालावर पडलेले असतात. ग्रेट डेन, बॉक्सर, केन कोर्सो यांचेही तसेच. जाहिरातीतले टोकदार कान कापून आणि महिनोन्‌महिने चिकटपट्ट्या लावून उभे केलेले असतात. जन्मजात उभे कान हवे असतील तर जर्मन शेफर्ड आहे, हस्की आहे, आणि आपल्या गल्लीतली कितीतरी गावठी कुत्री आहेत.

शेपटाचंही तेच. डॉबरमन आणि रॉटवायलर दोघांनाही चांगलं लांब शेपूट असतं. आपण ते इतकं कमी वेळा पाहिलंय की न कापलेला डॉबरमन लिफ्टमध्ये शिरला की लोक विचारतात, ‘मिक्स आहे का हो?’

कान कापतात म्हणजे नेमकं काय करतात?

पिल्लू साधारण ७ ते १२ आठवड्यांचं असताना त्याला पूर्ण भूल देतात. कानाची पाळी म्हणजे दोन बाजूंना कातडी आणि मध्ये कूर्चा. ठरलेल्या ‘स्टाइल’प्रमाणे पाळीचा एक तृतीयांश ते अर्धा भाग कापून टाकतात, कूर्चेची उघडी कड कातडीने झाकून टाके घालतात. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. कापलेला कान आपोआप उभा राहत नाही. त्याच्या आत फोमची कांडी किंवा कागदी कपाचा आधार घालून, बाहेरून टेप गुंडाळून तो ताठ बांधून ठेवावा लागतो. दर ५ ते ७ दिवसांनी टेप सोडायची, कान पुसायचा, कोरडा करायचा, पुन्हा बांधायचा. लांब कापलेल्या डॉबरमनच्या बाबतीत हे कित्येक महिने चालतं. दात बदलायच्या काळात उभे राहिलेले कान बऱ्याचदा पुन्हा ढिले पडतात आणि बांधाबांध पहिल्यापासून सुरू होते.

बिघडतं ते बहुतेक इथेच. जुलैत मुंबईच्या हवेत टेपखाली ओल साठते. वरून सगळं ठीक दिसतं, चार दिवसांनी आंबूस वास यायला लागतो, आणि टेप सोडली की खालची कातडी पांढरी, गिळगिळीत झालेली असते. टेप जास्त घट्ट असेल तर रक्तपुरवठा तुटून कानाचं टोक काळं पडतं. जखम भरताना व्रण आकसतो आणि कानाला मुरड पडते. एक कान उभा, दुसरा वाकडा, असंही होतं. मग ‘दुरुस्ती’साठी आणखी एकदा भूल. भुलीचा धोका कमी असला तरी शून्य नसतो, आणि इथे तो कुठल्याही आजाराशिवाय पत्करलेला असतो.

आणखी एक हिशेब सहसा कुणी मांडत नाही. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. माणसं, मुलं, रिक्षाचा आवाज, गणपतीतले ढोल, सगळं ‘ठीक आहे’ असं त्याच्या मनात बसायचं वय हेच. त्याच आठवड्यांत दर पाच दिवसांनी कुणीतरी त्याचं डोकं धरून दुखरा कान ओढतं. हात जवळ आला की मान मागे घेणारा, दवाखान्याच्या पायरीवरच गुरगुरणारा कुत्रा काही वेळा असाच तयार होतो. शिवाय लसींचा कोर्स तेव्हा पुरा झालेला नसतो. अशा पिल्लाला पट्ट्यांसाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात नेणं म्हणजे पार्व्होला, पिल्लांच्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या संसर्गाला, आमंत्रण.

हे सगळं निदान भूल दिली तर. ‘कंपाउंडर घरी येऊन करून देतो, स्वस्तात’ असं कुणी सांगत असेल तर तिथे भूलही नसते, रक्तस्राव आवरायची सोयही नसते. चार माणसांनी पिल्लू दाबून धरलेलं असतं.

कान कापले की आत हवा खेळते आणि इन्फेक्शन होत नाही म्हणतात.

हे सिद्ध झालेलं नाही. कानाच्या सततच्या इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा त्वचेची अ‍ॅलर्जी असते. पाळी कापून अ‍ॅलर्जी जात नाही. आणि युक्तिवाद खरा असता तर लांब, जड, केसाळ कानांच्या कॉकर स्पॅनियलचे कान सगळ्यात आधी कापले असते. त्यालाच कानाचा त्रास जास्त होतो. त्याचे कान मात्र कुणी कापत नाही, कारण तो लांब कानांचाच ‘छान दिसतो’.

पडलेल्या कानांची काळजी सोपी आहे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाळी उलटी करून वास घ्या. आंबट किंवा यीस्टसारखा वास, तपकिरी मळ, डोकं सतत झटकणं यांपैकी काही दिसलं तर डॉक्टर. नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं कानाचं द्रावण घालून कानाचं मूळ बाहेरून चोळा, त्याला डोकं झटकू द्या, वर आलेला मळ कापसाने टिपा. इअरबड आत घालू नका, मळ आणखी खाली ढकलला जातो. आंघोळीच्या वेळी कानात कापसाचा बोळा ठेवा, आणि नंतर आठवणीने काढा.

शेपूट तिसऱ्या दिवशी कापलं तर पिल्लाला कळतही नाही, हे खरं का?

कळतं. शेपूट सहसा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कापतात, बहुतेक वेळा भूल न देता. एकतर कात्रीने, नाहीतर घट्ट रबर बांधून. रबराखालचा भाग रक्त न मिळाल्याने वाळून काही दिवसांत गळून पडतो. ‘मज्जासंस्था पुरी तयार नसते, म्हणून दुखत नाही’ हा समज जुना आहे. त्या वयात काही मज्जातंतूंवरचं आवरण तयार झालेलं नसतं हे बरोबर. पण वेदनेचे संदेश नेणाऱ्या तंतूंमध्ये आवरण नसलेले तंतूही असतातच, आणि ते काम करत असतात. कापताना पिल्लू ओरडतं. नंतर आईच्या कुशीत शिरून झोपतं, म्हणून दुखलं नाही असा अर्थ काढला जातो.

कापलेल्या टोकाशी मज्जातंतूंची गाठ तयार होऊ शकते. मोठेपणी थोटक्याला हात लावू न देणं, तिथेच सारखं चावत बसणं, याचं कारण काही वेळा ती गाठ असते.

पण शेपूट आपटून जखमा होतात, त्यापेक्षा आधीच कापलेलं बरं ना?

याचं मोजमाप झालं आहे. ब्रिटनमध्ये १ लाख ३८ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. शेपटीला दुखापत झालेल्या कुत्र्यांचं प्रमाण ०.२३ टक्के निघालं. एक दुखापत टाळायची तर सुमारे ५०० पिल्लांची शेपटं कापावी लागतील, असा त्यांचा हिशेब होता.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्कॉटलंडमध्ये काटेरी झुडपांत शिकारीच्या कामावर जाणाऱ्या स्पॅनियलसारख्या कुत्र्यांमध्ये शेपटीच्या जखमांचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. तिथल्या कामकरी कुत्र्यांसाठी हा वाद खरा आहे. कांदिवलीच्या टू बीएचकेमध्ये सोफ्यावर झोपणाऱ्या कॉकरला त्यातलं काहीच लागू होत नाही.

शेपूट भिंतीवर आपटून टोक फुटलंच तर रक्त बरंच उडतं, घाबरू नका. स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं दाबून धरा. मग गॉज, त्यावर हलकी पट्टी. पट्टीखाली सहज बोट शिरलं पाहिजे. घट्ट बांधलेली पट्टी हा टोक सडण्याचा हमखास मार्ग. वर भोकं पाडलेली फोमची नळी सरकवली तर पुन्हा आपटलं तरी लागत नाही. पट्टी रोज बदला, चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर घाला (गळपट्टा नव्हे, दवाखान्यात मिळते ती शंकूसारखी). अरुंद पॅसेजमध्ये घरी आल्या आल्या लाड करू नका. आधी त्याला हॉलमध्ये येऊ द्या, शेपूट हलवायला जागा तिथे आहे. इतकं करूनही जखम भरत नसेल आणि डॉक्टरांनी भूल देऊन टोक काढलं, तर तो उपचार झाला.

शेपूट नसलं तर त्याचं बिघडतं काय?

बोलणं. शेपटात साधारण वीस मणके असतात, आणि ते नुसतं हलत नाही. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याचं शेपूट उजवीकडे जास्त झुकतं आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसल्यावर डावीकडे. कॅनडात यंत्राचा कुत्रा करून त्याला कधी लांब, कधी आखूड शेपूट लावून पाहिलं गेलं. लांब शेपूट हलत असेल तर मोठी कुत्री बिनधास्त जवळ यायची. आखूड शेपूट हलतंय की स्थिर आहे, याने त्यांच्या वागण्यात फरक पडत नव्हता, म्हणजे त्यांना ते वाचताच येत नव्हतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत सकाळी दहा कुत्री समोरासमोर येतात तेव्हा हे काही छोटं नुकसान नाही.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण म्हणतो. वाकडं असतं म्हणून तर समोरच्याला काहीतरी कळतं.

गावाकडे म्हणतात, कान-शेपूट कापलं की कुत्रा तिखट होतो.

होत नाही. राखण करणं हे जातीवर, आईच्या स्वभावावर आणि वाढवण्यावर अवलंबून असतं. दुखापतीमुळे भित्रा झालेला कुत्रा लवकर चावतो, त्याला लोक तिखट समजतात.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याचा अवयव छाटून त्याला विद्रूप करणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात काही सवलती आहेत : गुरांची शिंगं काढणं, खच्चीकरण, डाग देणं, वेसण घालणं. कुत्र्याचे कान आणि शेपूट त्या यादीत नाहीत. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये डॉक्टरांना पत्र पाठवून या शस्त्रक्रिया करू नका असं सांगितलं. त्यावर केनेल क्लब, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंदणी आणि शो करणारी संस्था, न्यायालयात गेला आणि तेव्हापासून ‘बंदी आहे की नाही’ हा घोळ चालूच आहे. पण कलम ११ कायम आहे.

शिक्षा मात्र ऐकण्यासारखी आहे. पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड. म्हणजे जास्तीत जास्त दोन वडापाव आणि एक कटिंग.

बाहेरच्या देशांत हे बरंच आधी मिटलं. इंग्लंडच्या केनेल क्लबने कापलेल्या कानांच्या कुत्र्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीलाच शोबाहेर काढलं. युरोपात १९८७ च्या पाळीव प्राण्यांविषयीच्या करारात शेपूट, कान, स्वरतंतू आणि नखं कापण्याला मनाई आहे, मात्र करारावर सही करताना शेपटापुरती सूट घ्यायची मुभा देशांना होती. जर्मनीत कान कापायला १९८७ पासून आणि शेपूट कापायला १९९८ पासून बंदी आहे. डॉबरमन ही जात मूळची जर्मनीची. तिच्या मायदेशात ती आता पडलेल्या कानांची आणि लांब शेपटाची आहे.

मग रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाचा तुकडा का कापतात? तो चालतो?

चांगला प्रश्न. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला लहानशी खाच पाडतात. नसबंदीच्या २००१ आणि २०२३ च्या दोन्ही नियमांत कानावरच्या खुणेची तरतूद आहे. ती त्याच ऑपरेशनच्या वेळी, भुलीतच पाडली जाते. नसबंदी झालेली कुत्री लांबून ओळखता आली नाही तर गाडी तिला पुन्हा उचलणार, पुन्हा भूल, कदाचित पोटावर पुन्हा चीरही. खाच बघून तिला सोडून देतात. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर त्याचं रूप बिघडलं म्हणून हळहळू नका.

ब्रीडर म्हणतो, आमच्याकडे कापूनच देतात.

तर मग वेळ महत्त्वाची. शेपूट पहिल्या आठवड्यातच जातं, तुम्ही पिल्लू बघायला जाल तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मादी गाभण असतानाच सांगा, आणि तोंडी नको, व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी : ‘आम्हाला शेपूट आणि कान जसेच्या तसे हवेत, कापलेलं पिल्लू घेणार नाही.’ आगाऊ रक्कम त्या उत्तरानंतर द्या. जन्मानंतर दुसऱ्या दिवशी आणि आठव्या दिवशी पिल्लांचा आईसोबतचा व्हिडिओ मागवा. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७ च्या नियमांनी मनाई आहे, तेव्हा ‘सहाव्या आठवड्यात घेऊन जा, कान तुम्हीच करून घ्या’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

‘न कापलेल्याला पेपर (केनेल क्लबच्या नोंदणीचे कागद) मिळत नाहीत’ असं सांगतात. पेपर आई-वडिलांच्या वंशावळीवरून होतात, कानांच्या आकारावरून नाही.

उन्हाळ्यात पॉमेरियनचं किंवा हस्कीचं टक्कल केलं तर त्याला गार वाटेल ना?

हेतू चांगला, पण उलट होतं. या कुत्र्यांना दुहेरी कोट असतो : वर लांब, राठ केस आणि खाली मऊ लोकरीसारखा थर. वरचे केस उन्हापासून आणि ओलाव्यापासून वाचवतात. मुळापासून भादरलं तर कातडीवर थेट ऊन येतं. पुढची भानगड अशी की स्पिट्झ आणि हस्की जातींत बरीच केसमुळं दीर्घकाळ विश्रांतीत असतात. एकदा भादरलेले केस सहा महिने, कधी दीड-दोन वर्षंही परत येत नाहीत, किंवा नुसती लोकर येते आणि वरचे केस येतच नाहीत. पाठीवर टक्कल आणि पायांवर झुपके, असं वर्षभर फिरणारे पॉमेरियन मुंबईत काही कमी नाहीत. (आपण ज्याला पॉमेरियन म्हणतो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. कोट मात्र तसाच.)

गारवा मिळतो तो खालची मेलेली लोकर काढल्याने. आठवड्यातून दोन-तीनदा, केस गळायच्या दिवसांत रोज, लोकर काढायचा रेक आणि मग बारीक तारांचा स्लिकर ब्रश फिरवा. वरवर नाही. डाव्या हाताने केस वर धरून कातडीची रेघ दिसू द्या, त्या रेघेपासून खाली विंचरा, मग अर्ध्या इंचावर पुढची रेघ. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला की झालं. कानामागे, काखेत, मांडीमागे आणि गळपट्ट्याखाली गाठी आधी होतात. गाठीवर थोडं कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा. गाठी न सोडवता आंघोळ घातली तर पाण्याने त्या फेल्टसारख्या आवळतात, मग कात्रीशिवाय उपाय राहत नाही.

आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे. पावसाळ्यात वाळवणं जास्त महत्त्वाचं. वरून कोरडा वाटणारा कुत्रा आत तासन्‌तास ओला असतो आणि दोन दिवसांत कातडीवर लाल, चिकट चट्टा उठतो. ड्रायर थंड किंवा कोमट ठेवून, वीतभर अंतरावरून, केस उलटे करत कातडीपर्यंत वाळवा.

शिह त्झू, ल्हासा, पूडल यांचे केस सतत वाढतात. ते कापायलाच हवेत, साधारण एक सेंटिमीटर ठेवून. ग्रूमर ‘दहा नंबरचं ब्लेड लावू का?’ विचारेल, ते जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं, सबंध अंगावर नको. ब्लेड दर काही मिनिटांनी स्वतःच्या मनगटाला लावून पाहणारा ग्रूमर धरून ठेवा. तापलेल्या ब्लेडने काखेत आणि पोटावर भाजतं आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतं.

अंगभर गाठींची चादर झाली असेल तर मात्र भादरणं हाच दयेचा मार्ग, मग जात कुठलीही असो.

केस रंगवले तर? मेंदी तर नैसर्गिक आहे.

माणसाच्या कातडीपेक्षा कुत्र्याची कातडी पातळ आणि कमी आम्लधर्मी असते, आणि तो स्वतःला चाटतो. माणसांच्या हेअरडायमधला अमोनिया, पेरॉक्साइड आणि पीपीडी हे रसायन या दोन्ही कारणांनी त्याला चालत नाहीत. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यात बऱ्याचदा हेच पीपीडी असतं. कुत्र्यांसाठीचे म्हणून रंग मिळतात, ते त्यातल्या त्यात बरे. तरी तासभर स्थिर उभं राहणं, पट्ट्या आणि ड्रायर हे कुत्रा सोसतो, मागत नाही. २०२४ मध्ये चीनच्या जिआंग्सू प्रांतातल्या एका प्राणिसंग्रहालयाने चाउ चाउ कुत्र्यांना काळा-पांढरा रंग देऊन पांडा म्हणून उभं केलं होतं. बघणाऱ्यांनी फोटो काढले. जीभ बाहेर काढून धापा टाकणारा ‘पांडा’ त्यातल्या काहींनाच खटकला.

धुळवडीचा रंग लागला तर क्रम असा ठेवा. आधी गळ्यात कॉलर, म्हणजे चाटणं बंद. कोरडा रंग कोरडाच ब्रशने झटका. आधी पाणी टाकलंत की तो पसरून पक्का बसतो. मग खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, कोमट पाणी आणि कुत्र्याच्या शाम्पूने दोनदा धुवा. डोळ्यांत गेला असेल तर सलाइनने धुवा. रॉकेल, थिनर, लिंबू, कपड्यांचा साबण, यांतलं काहीही नको. गुलाबी डाग राहिला तर राहू द्या, केसांबरोबर जाईल. चंदेरी-सोनेरी वॉर्निश रंग चाटला असेल, लाळ गळत असेल किंवा उलटी होत असेल तर धुणं अर्धवट टाकून आधी डॉक्टरांना फोन करा.

नेलपॉलिश, अत्तर, कपडे, दिवाळीच्या फोटोसाठी कुर्ता?

कुर्ता दहा मिनिटं चालतो, पंख्याखाली. बाकीचं नको. अत्तराचा वास आपल्याला मंद वाटतो, त्याच्या नाकाला तो अत्याचार आहे.

शेजारी तक्रार करतात म्हणून भुंकणं बंद करायचं ऑपरेशन करावं का?

करू नये. स्वरतंतूंचा भाग तोंडातून किंवा गळ्याला छेद देऊन कापतात. आवाज पूर्ण जात नाही, घोगरा आणि खोकल्यासारखा होतो, आणि काही महिन्यांत बराचसा परतही येतो. जखमेच्या जागी व्रणाचा पडदा तयार झाला तर श्वासनलिकेचं तोंड अरुंद होतं. त्यानंतर आयुष्यभर धाप. आणि भुंकायचं कारण तिथेच राहतं.

आधी कारण शोधा. घराबाहेर पडताना जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. पहिल्या दहा मिनिटांतच रडत भुंकत असेल तर एकटेपणाची भीती. थांबून थांबून भुंकत असेल तर लिफ्ट, बेल, समोरच्या गॅलरीतली मांजर. बेलचा आवाज मोबाइलवर अगदी हळू वाजवून प्रत्येक वेळी खाऊ द्या, रोज पाच मिनिटं, आवाज दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. गॅलरीच्या काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म लावा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरीही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या सूचनांत स्पष्ट केलं आहे. ते पत्र सेक्रेटरींना द्या. पण सोबत रेकॉर्डिंग आणि तुम्ही काय करताय तेही सांगा. पत्राने भांडण थांबतं, शेजारी निवळत नाहीत.

पगला तर कुणी कापत नाही, मग त्याचा इथे काय संबंध?

त्याचं रूप कात्रीऐवजी पैदाशीने बदललंय. चपटं नाक म्हणजे तेवढ्याच मऊ टाळूला आणि कातडीला कमी जागा. कुत्रा धापा टाकून, जिभेवरचं पाणी उडवून अंग थंड ठेवतो. मेच्या दमट मुंबईत ते पाणी आधीच सावकाश उडतं, त्यात पगची हवेची वाटच चिंचोळी. जागेपणीही घोरणं हे गोड नाही, लक्षण आहे. फिरवणं सकाळी सातच्या आत आणि सूर्य मावळल्यावर. कुत्र्याचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ कडे गेलं, जीभ जांभळी पडली, पाय लटपटले, तर आधी अंगावर नळाचं पाणी आणि पंखा, मगच टॅक्सी.

नेदरलँड्सने चेहऱ्याची लांबी कवटीच्या एक तृतीयांशाहून कमी असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीला अटकाव केला आहे. आपल्याकडे ‘अजून चपटा’ हीच मागणी आहे.

रंगासाठीची पैदासही यातच येते. मर्ल म्हणजे फिकट अंगावर गडद चट्टे. अशा रंगाच्या दोन कुत्र्यांचा जोडा लावला तर प्रत्येक पिल्लू दुहेरी मर्ल होण्याची, म्हणजे आई-वडील दोघांकडून ते जनुक मिळण्याची, शक्यता २५ टक्के, आणि अशी पिल्लं बऱ्याचदा बहिरी किंवा आंधळी जन्मतात. ‘दुर्मीळ ब्लू’ म्हणजे निळसर राखाडी डॉबरमनला पाठीवर टक्कल पडण्याचा विकार त्या रंगासोबतच येतो. दुर्मीळ म्हणून जास्त किंमत मोजायची आणि वर त्वचेचा डॉक्टरही लावून घ्यायचा.

कोणती ऑपरेशनं दिखाऊ नाहीत?

पापणी आत वळून डोळ्याला घासत असेल, डोळ्याच्या कोपऱ्यात लाल गाठ आली असेल, पगच्या नाकपुड्या रुंद करायच्या असतील, तर तो उपचार. मागच्या पायाचं लोंबतं जास्तीचं नख वारंवार अडकून फाटत असेल तर तेही. पुढच्या पायाचं घट्ट नख मात्र ठेवा, दर दोन-तीन आठवड्यांनी कापत जा. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, गोल वाढून मांसात शिरतं.

नसबंदी हाही शरीरात बदलच की!

हो, आणि तिचेही तोटे आहेत : वजन वाढतं, मोठ्या जातींत फार लवकर केली तर सांध्यांचे त्रास वाढू शकतात. पण मादीला गर्भाशयातल्या पू-संसर्गापासून ती वाचवते, नको असलेली पिल्लं टळतात. वय किती असावं ते जातीनुसार डॉक्टरांशी बोलून ठरवा. अमेरिकेत नसबंदी झालेल्या नरांसाठी सिलिकॉनचे नकली अंडकोष १९९५ पासून मिळतात. ते कुणाच्या समाधानासाठी, हे त्या कुत्र्याला विचारायची गरज नाही.

कान कापल्याची जखम चिघळली आहे, ब्रीडर फोन उचलत नाही. कुठे जायचं?

जवळच्या पशुवैद्यकाकडे, आजच. परळचं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, मुंबईकरांना ठाऊक आहेच. पट्टी घरी ओढून काढू नका. चिकटली असेल तर कोमट सलाइनने भिजवून ठेवा. माणसांच्या गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, देऊ नका. कुणी कापलं हे डॉक्टरांना खरं सांगा, कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते त्यांना कळायला हवं. फोटो तारखेसकट ठेवा, तक्रार करायची झाली तर लागतील.

दत्तक घेतलेल्या कुत्र्याचे कान-शेपूट आधीच कापलेले आहेत. वेगळं काय सांभाळायचं?

अपराधी वाटून घेऊ नका, कापलेला कुत्रा दत्तक घेणं म्हणजे कापण्याला पाठिंबा नव्हे. पावसात कानात थेट पाणी जातं, फिरून आल्यावर आतून टिपून घ्या. कानाच्या कडेला माश्या बसून जखमा होतात, डॉक्टरांकडून माश्यांसाठीचं मलम आणून ठेवा. थोटक्याला हात लावल्यावर दचकत असेल तर तपासून घ्या. पहिले काही आठवडे डोक्यावरून हात फिरवण्याऐवजी छातीपासून सुरुवात करा.

इमारतीतल्या मुलांना आणि वॉचमनला एवढं सांगून ठेवा : याचे कान कायम ताठ आणि शेपूट नाही, तेव्हा त्याचा मूड तिथून कळणार नाही. अंगाचा भार मागच्या पायांवर गेलाय का, तोंड घट्ट मिटलंय का, तो ओठ चाटतोय का, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय का, ते बघा. यातलं एकही दिसलं तर हात मागे घ्या आणि त्याला लिफ्टमधून आधी जाऊ द्या.